आदरयुक्त दरारा

“कडक नको,” उत्तमराव भोईटे म्हणाले. “कडक म्हटलं की चहा वाटतो.”

“मग करडे?” डॉक्टर अनपट.

“करडं शेळीचं असतं.”

“उग्र?” सातव.

“उग्र वास असतो. मालाताई, तुम्हीच सुचवा की. तुमचा धंदाच आहे हा.”

धंदा माझाच होता. एसटी स्टँडमागे माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहाव्याची कार्डं आणि मानपत्रं, सगळं तिथूनच बाहेर पडतं, त्यामुळे गावात कोण किती थोर झालं हे सगळ्यांच्या आधी मला कळतं. त्या दिवशी मुळीक सरांच्या अमृतमहोत्सवाची समिती माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. सर आमच्या हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. समिती म्हणजे त्यांचे तीन विद्यार्थी: पेट्रोल पंपवाले उत्तमराव, दातांचे डॉक्टर अनपट आणि बँकेतले सातव. तिघांची पोटं सुटलेली, तिघांचे गुडघे जोडलेले, तिघांचे हात मांडीवर. सर तिथे नव्हते. ते नुसते विषय होते, तरी एवढं बसणं सुधारलं होतं.

मसुदा:

*परमपूज्य गुरुवर्य मुळीक सर यांस. आपण कडक* (खोडलं) *करडे* (खोडलं) *उग्र* (खोडलं) *शिस्तप्रिय…*

“हां,” उत्तमराव म्हणाले. “शिस्तप्रिय बसतं.”

बसणारच. हा शब्द मी फौजदारांना लावला आहे, कारखान्याच्या सिक्युरिटीवाल्याला लावला आहे, एका सासूच्या श्रद्धांजलीतही लावला आहे. ज्याला शिस्त आवडते तो शिस्तप्रिय. दुसऱ्याची.

मग आठवणी निघाल्या. त्या निघणारच होत्या. त्यासाठीच तर समिती असते. उत्तमरावांनी डोकं माझ्यापुढे वाकवलं आणि केस बाजूला करून एक खोक दाखवली. डस्टरची. सरांनी फळ्यापासून फेकून मारला होता. ते ती खोक अशी दाखवत होते जशी बायका नवीन पाटल्या दाखवतात. डॉक्टरांच्या हातावर छडी मोडली होती आणि दुसरी आणायला सरांनी डॉक्टरांनाच निरगुडीच्या झुडपाकडे पाठवलं होतं.

“आणि मी चांगली चिवट बघून आणली,” डॉक्टर म्हणाले. “तो दिवस होता म्हणून आज दवाखाना आहे.”

सातवांना सरांनी कधी मारलंच नव्हतं. त्यांचा नेहमी पहिला नंबर. ते मान खाली घालून बसले होते, आणि शेवटी म्हणाले की मला एकदा कान धरून उभं केलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

कोपऱ्यात माझा थोरला भाऊ दिगू स्टुलावर बसून वायर गुंडाळत होता. त्याचा साउंडचा धंदा. कार्यक्रमाचे स्पीकर त्याचेच लागणार होते, म्हणून मंच केवढा असेल ते विचारायला आला होता. तोही सरांचाच विद्यार्थी, उत्तमरावांच्या वर्गातला.

“आणि ह्याला,” उत्तमराव त्याच्याकडे बोट करून म्हणाले. “काय वाजवली होती राव. भिंगरी झाली होती दिग्याची. दोन गिरक्या घेऊन बसला खाली.”

सगळे हसले. दिगूही हसला. उत्तमराव त्याच्या डाव्या बाजूला होते, आणि डाव्या बाजूची माणसं हसली की दिगू हसतो. काय म्हणाले ते विचारण्यापेक्षा ते सोपं जातं.

*

दिगूचा डावा कान गेलेला आहे. का गेला, ते गावात कुणालाही विचारा. पाटात पोहताना पाणी गेलं, कान पिकला, दुर्लक्ष झालं. पाट म्हणजे धरणाचा कालवा. उन्हाळ्यात सगळी पोरं त्यात पडलेली असत.

दिगूला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. घोट्याच्या वर पाणी आलं की तो मागे फिरतो. हेही गावाला ठाऊक आहे.

सरांनी त्याच्या कानाखाली मारली, हे ठाऊक आहे. त्याच आठवड्यात त्याच्या कानातून रक्त आणि मग पू आला, हे ठाऊक आहे. पण या गोष्टी गावात एकमेकींशी बोलणं टाकलेल्या भावकीसारख्या राहतात. एकाच गल्लीत, समोरासमोर दारं, आणि बघणं नाही.

*

सुधारित मसुदा:

*आपल्या केवळ पावलांच्या आवाजाने वर्गात* शांतता (बदला) *स्मशानशांतता* (बदला, अशुभ) *शिस्त नांदत असे. आपल्याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात भीती* (खोडलं)

“भीती नाही हो ती,” डॉक्टर म्हणाले.

“मग काय होतं?” मी विचारलं.

सातवांना सुचलं. “आदरयुक्त दरारा.”

उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. मी टाइप केलं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घातला की ते कुत्रं पाळलेलं होतं. ‘आदरयुक्त’ हा तसाच एक पट्टा आहे. आतलं काय ते तसंच राहतं, फक्त नगरपालिका उचलून नेत नाही.

माझ्या डोक्यात दुसरे शब्द होते. डाफरणं. खेकसणं. वस्सकन अंगावर येणं. चारचौघांत पाणउतारा करणं. हे शब्द आमच्या घरी रोज वापरले जातात, पण मानपत्रात त्यांना प्रवेश नाही. दाराशी चपला काढतात तसे ते बाहेर राहतात.

निघताना उत्तमरावांनी मुख्य गोष्ट सांगितली. समिती सरांना चांदीचा पत्रा चढवलेली छडी भेट देणार होती. आणि सर त्याच छडीने, मंचावर, प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याच्या हातावर एक-एक हलका फटका देणार होते. फ्लेक्सवर ठळक घ्यायचं होतं: *छडीप्रसाद*. हार-तुरे सगळेच देतात, हे आजवर जिल्ह्यात झालेलं नाही, असं ते म्हणाले. खरंच झालेलं नव्हतं.

ते गेल्यावर दिगूने वायरची शेवटची गुंडाळी घातली आणि माझ्या समोर, उजवा कान माझ्याकडे येईल असा तिरका बसला.

“हसले कशाला मघाशी?”

मी सांगितलं.

“मग बरोबर हसलो,” तो म्हणाला. वायरची गुंडाळी खाली ठेवून म्हणाला, “माले, मला कुणाकडून काही नको. पण एकदा कुणीतरी तोंडाने म्हणावं. सरांनी मारलं, त्यानं कान गेला. एवढंच. सर म्हणाले तर बरं. नाही तर आई म्हणाली तरी चालेल.”

“आई म्हणेल?”

“मग सरच उरले,” दिगू म्हणाला.

*

आईचं सांगते. तेव्हा आमचे वडील त्याच शाळेत शिपाई होते, पण कायम नव्हते. कायम करणं सरांच्या सहीवर होतं. वडिलांनी दिगूच्या कानाचं रक्त स्वतःच्या टोपीने पुसलं, त्याला शाळेत परत नेलं आणि सरांच्या पाया पडायला लावलं. पोराने उलट उत्तर दिलं असेल, माफ करा, म्हणाले. सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं तेव्हा आई म्हणाली, पाटात पाणी गेलं. दिवाळीनंतर वडील कायम झाले. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण आईचं पाणी काही आटलं नाही.

त्या संध्याकाळी दिगूने तिला पुन्हा विचारलं. ती ताट वाढत होती. कार्यक्रमाला कुठलं लुगडं नेसायचं ते तिने काढून ठेवलं होतं. शिपायाची विधवा म्हणून तिला बायकांच्या पहिल्या रांगेत खुर्ची मिळणार होती.

“आई, माझा कान कशानं गेला?”

“पानी गेलं हुतं,” आई म्हणाली. “किती येळा सांगू.”

ती त्याच्या उजव्या बाजूला होती. दिगूशी बोलायचं असलं की आई आधी फिरून उजवीकडे जाते. भाकरी घेऊन यायची तरी उजवीकडून येते. झोपेतून उठवायचं असलं तरी खाटेला वळसा घालते. खोटं बोलतानासुद्धा ती नीट ऐकू जाईल अशा बाजूने बोलते.

*

मानपत्र दाखवायला मी सरांकडे गेले. समितीने तसं सांगितलं होतं: सरांनी एकदा तपासलं पाहिजे. स्वतःचं मानपत्र स्वतः तपासणारा माणूस मला नवा नव्हता. सगळेच तपासतात. पण सरांनी लाल पेन मागवलं.

इथे सरांच्या बोलण्याविषयी सांगायला हवं. ते शब्द अर्धा म्हणत, भुवया वर चढवत आणि थांबत. उरलेला अर्धा समोरच्यांनी म्हणायचा. “पृथ्वी सूर्याभोवती फि…” “…रते.” हे सगळेच मास्तर करतात. सरांचं वेगळेपण असं की ते शाळेबाहेरही तसंच बोलत. वाण्याकडे, न्हाव्याकडे, मयताला. मी लहान असताना ऐकलं आहे: तिरडी उचलण्यापूर्वी सर पुढे झाले आणि म्हणाले, “माणूस शेवटी मातीतच जा…” आणि भोवतीची माणसं, मेलेल्याचा सख्खा भाऊसुद्धा, एका सुरात, “…तो.”

सर आरामखुर्चीत होते. माझ्याकडे न बघता आतल्या दाराकडे तोंड करून ते म्हणाले, “पाहुणे आले की आधी काय द्या…”

“…यचं पाणी,” आतून काकूंचा आवाज आला. काकू सत्तरीच्या होत्या. पाणी घेऊन आल्या, तांब्या ठेवला आणि सरांनी मान हलवेपर्यंत उभ्या राहिल्या.

सरांनी मानपत्र वाचलं. ‘शिस्तप्रिय’खाली रेघ मारली. ‘आदरयुक्त दरारा’खाली दोन रेघा मारल्या. खाली बरोबरची खूण केली, सही केली आणि शेरा लिहिला: *ठीक. अक्षर सुधारणे.*

तो कॉम्प्युटरवर काढलेला कागद होता.

मी म्हणाले, “सर, मी दिगंबर शिंगटेची बहीण. यशवंत शिपायांची मुलगी.”

“यशवंता. हां. प्रामाणिक होता.”

“दिगंबर आठवतो?”

“कितवीचा?”

“तुम्ही त्याच्या कानाखाली मारली होती. सातवीत.”

सर हसले. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा जरासुद्धा आला नाही, हे मी मुद्दाम बघून ठेवलं आहे. त्यांना वाटलं मी कौतुकच करायला आले आहे. दिवसभर लोक तेच करत होते.

“पाऊस कुठल्या झाडावर किती पडला हे ढग लक्षात ठेवतो का? ना…”

“…ही,” मी म्हणाले.

माझी जीभ. माझं वय तेव्हा चाळिशीच्या घरात होतं. मला त्यांच्याविषयी काय वाटत होतं ते तुम्हांला आतापर्यंत कळलं असेल. तरी जिभेने ‘ही’ म्हटलंच. सही झालेला कागद घेऊन मी पायऱ्या उतर…

बघा. तुम्हीही पूर्ण केलंत.

*

मंडप शाळेच्याच मैदानावर होता. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मधून लाल पायघड्या. दिगूने त्याचं टेबल मंचाच्या एका कोपऱ्याशी, उजवा कान स्पीकरकडे येईल असं लावलं होतं. एका कानाने साउंड लावणारा तालुक्यात तो एकटाच, आणि लोक मुद्दाम त्यालाच बोलावतात, कारण त्याच्या स्पीकरला कधी शिट्टी येत नाही.

मी मानपत्र वाचलं. ‘आदरयुक्त दरारा’ला टाळ्या पडल्या. फ्रेम सरांच्या हातात दिली, शाल घातली, मग पंपावरच्या पोऱ्याने मखमलीच्या कापडात गुंडाळलेली छडी आणली.

रांग लागली. मी ती रांग विसरणार नाही. वकील, ग्रामसेवक, दोन कंत्राटदार, एक निवृत्त सुभेदार, पंचायत समितीची सभापती झालेली बाई. चपला काढून, हात पुढे करून. सर छडी हवेत उचलत, डोळे मोठे करत आणि अलगद टेकवत. मग पायावर डोकं. उत्तमराव म्हणाले, “सर, जोरात द्या,” आणि सरांनी जोरात दिली तेव्हा त्यांचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा उजळला. सातवांना आयुष्यातली पहिली छडी मिळाली. ते पायऱ्या उतरेपर्यंत तळहाताकडेच बघत होते. नवरीची मेंदी जपतात तसा तो हात त्यांनी छातीशी धरला होता.

रांग संपली, तसा उत्तमरावांनी माइक घेतला. “एक जण राहिलाच. आमच्या वर्गात सर्वांत मोठा प्रसाद ज्याला मिळाला तो. साउंडवाला दिग्या. ये रे वर.”

दिगू उठला. त्याने टेबलावरचा बिनवायरचा माइक उचलला आणि मंचावर गेला. मी बाजूला उभी होते. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नाव?”

“दिगंबर शिंगटे.”

“पूर्ण.”

“दिगंबर यशवंत शिंगटे.”

“वरचं बटण?”

माझ्या भावाने वरचं बटण लावलं. मंडपात खसखस पिकली.

“हात पुढे.”

दिगूने हात पुढे केला नाही. माइक तोंडाशी धरला. त्याचा आवाज चारी बाजूंनी, स्वच्छ, बिनशिट्टीचा आला. “सर, मला हातावर नव्हतं मारलं. कानावर मारलं होतं. डाव्या.”

मंडप हसला. उत्तमराव डोळे पुसायला लागले.

“कशाबद्दल?” सरांनी विचारलं. त्यांनाही मजा वाटत होती.

“शेजारच्या रानात मळणीयंत्र चालू होतं. मी मागच्या बाकावर होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सर, ऐकू येत नाही.”

एवढंच होतं ते. उलट उत्तर नाही, खोडी नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, वडिलांनासुद्धा. पण इतक्या माणसांसमोर ते पहिल्यांदा बाहेर आलं होतं आणि मला वाटलं, आता.

“मग?” सर म्हणाले. “आता येतं का ऐकू?”

मंडप कोसळला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली.

हसणं ओसरल्यावर दिगू म्हणाला, “उजव्याने येतं. डावा त्या दिवशी गेला, सर. तुमच्या हातानं गेला. पाण्यानं नाही.”

आता मात्र हसणं अडखळलं. काही जण हसतच राहिले, काहींनी शेजाऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर अनपट खुर्चीत सरळ झाले. एखादं वाक्य, नुसतं ‘असं का’ एवढं जरी सर म्हणाले असते, तरी मी हे सगळं वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं.

सरांनी भुवया वर चढवल्या.

“एक कान पुरतो. तुम्ही लोक एका कानाने ऐकणार, दुसऱ्याने सोडून दे…”

“…णार,” मंडप म्हणाला.

सगळा मंडप. शेकडो तोंडं, एक सूर. आणि मग टाळ्या, इतका वेळ अवघडलेल्या माणसांच्या सुटलेल्या टाळ्या. सरांनी चांदीची छडी दिगूच्या डाव्या कानाला हळूच टेकवली आणि म्हणाले, सुखी राहा. फोटोवाल्याने फोटो काढला. तो फोटो मीच नंतर स्मरणिकेत छापला. त्यात दिगू पाया पडायला वाकतो आहे असं वाटतं. तो माइक उचलत होता. हातातून पडला होता.

मी बायकांच्या पहिल्या रांगेकडे पाहिलं. आईचे ओठ ‘णार’वर अजून उघडेच होते.

*

सत्काराला उत्तर द्यायला सर माइकपुढे उभे राहिले.

दिगू टेबलाशी येऊन बसला, मीही त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्याने वरचं बटण काढलं, घाम पुसला आणि मंडपाच्या स्पीकरच्या आवाजाची दांडी सावकाश खाली ओढली. शेवटपर्यंत. मंचावरचा छोटा स्पीकर मात्र त्याने चालूच ठेवला. सरांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता. त्यांना तेवढाच लागतो.

मंडपाला काहीही ऐकू येत नव्हतं.

सरांचे ओठ हलत होते. बोट वर जात होतं, खाली येत होतं. मागच्या मैदानावर कुणीतरी मोटरसायकल सुरू केली ती स्पष्ट ऐकू आली. मी वाट बघत होते. कुठल्याही कार्यक्रमात आवाज गेला की आमचं गाव क्षणात ओरडतं. आमदारांच्या भाषणात ओरडलेलं आहे, कीर्तनात ओरडलेलं आहे. “ए साउंड, झोपला का,” असं दिगूने आयुष्यात हजारदा एकाच कानाने ऐकलं आहे.

कुणी ओरडलं नाही.

माणसांनी माना थोड्या पुढे काढल्या. काहींनी हाताची घडी घातली. मागच्या रांगांतले लोक पुढच्यांच्या पाठीकडे बघत होते आणि पुढचे सरांच्या तोंडाकडे. ऐकू येत नाही असं सरांना म्हटल्यावर काय होतं, ते त्यांना नुकतंच पुन्हा सांगून झालं होतं.

मग सर थांबले. भुवया वर गेल्या.

मंडपाने एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी म्हणालं “…तो”, कुणी “…यचं”, मागून बहुतेकांनी नुसतंच “हो सर.” सरांनी समाधानाने मान हलवली आणि ओठ पुन्हा सुरू केले.

सातव वाकून, कुणाच्या आड येऊ नये अशा बेताने, दिगूच्या टेबलापाशी आले. “दिगंबर, तिकडे काही ऐकू येत नाही बरं का.”

“सरांना सांगा की,” दिगू म्हणाला.

सातवांनी मंचाकडे पाहिलं. तळहाताकडे पाहिलं. मग वाकूनच जागेवर परत गेले, आणि पुढच्या वेळी भुवया वर गेल्या तेव्हा “हो सर” सर्वांत मोठ्याने तेच म्हणाले.

दिगू हसत होता. डाव्या बाजूची माणसं हसली म्हणून नाही. त्याचं ते हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दात दिसत होते आणि डोळ्यांत काहीच नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक खुर्ची मागे सरकली. आई उठली होती. सर बोलत असताना उठणारं त्या मंडपात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी पाहिलं, त्यांचं बोट तिच्या दिशेने वळलं, ओठ काहीतरी म्हणाले. काय ते तिला ऐकू आलं नसणार. ती पदर सावरत पायघड्या ओलांडून आमच्याकडे आली.

मला वाटलं, नेहमीसारखी टेबलाला वळसा घालेल. तिने घातला नाही. ती दिगूच्या डाव्या बाजूला थांबली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकली, तोंड त्याच्या त्या मेलेल्या कानाला लावलं आणि हलकेच बोलायला लागली. मी पलीकडे, दोन हातांवर होते. मला ऐकू आलं.

“पानी नव्हतं गेलं, बाळा. त्यांनी मारलं हुतं. तुझ्या बापानं रगत पुसलं आन मी पानी सांगितलं.”

मंचावर भुवया वर गेल्या.

“हो सर,” मंडप म्हणाला.

दिगूचा हात अजून त्या खाली ओढलेल्या दांडीवर होता. खांद्यावरचा हात त्याला कळला होता, गालाला लागलेला श्वास कळला होता. मंचावरची नजर न काढता तो म्हणाला, “आई, तो कान नव्हे.”

“ठावं हाय मला,” आई म्हणाली.